गरज संपली, हौस उरली : आपल्या मुलखातली घोडी, टांगे आणि गाढवे



स्मरणिकेसाठी लेख द्या असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या नाहीत असे मी ठरवले. त्या तुम्ही सगळे लिहिणारच आहात. मला इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून आपल्या मुलखाच्या इतिहासातला एक कोपरा निवडला. त्या कोपऱ्यातल्या प्राण्याचे नाव आपण वर्गात रोज ऐकत होतो. गणित चुकले की 'गाढवा' आणि उत्तर अडले की 'घोडं कुठं अडलं रे?' ही दोन वाक्ये ज्याने ऐकली नाहीत, तो आपल्या शाळेत शिकलाच नाही असे खुशाल समजावे.

माणसाने घोडा आणि गाढव पाळले ते कामासाठी. पण कामाच्या जोडीला पहिल्यापासून हौसही होती. संध्याकाळी घोड्यावर रपेट मारणे, सजवलेल्या टांग्यातून जत्रेला जाणे, वरातीत घोडा नाचवणे ही सगळी हौसच. माझा प्रश्न साधा आहे. काम संपल्यावर ही हौस कुठे गेली, तिने कोणाला वाचवले, आणि कोणाला वाचवले नाही?

वाटेवरचा तालुका

साक्री हा वाटेवरचा तालुका आहे. आज सुरत-नागपूर महामार्ग आपल्या दारावरून जातो, पण ही वाट डांबराच्या कितीतरी आधीची. सुरत बंदरात उतरलेला माल सह्याद्रीच्या बाऱ्या चढून खानदेशात यायचा. बारी म्हणजे खिंड, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कोंडाईबारीचा घाट आपण सगळ्यांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोगल काळातली मोठी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर अशी जात होती, आणि सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या वाटेवरच्या मुक्कामांची नावे लिहून ठेवली आहेत. बैलांचे तांडे, उंट, तट्टे आणि घोडी यांची ये-जा या मुलखाला नवी नव्हती. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या कागदांत आपल्या तालुक्याचे नाव 'पिंपळनेर' असे येते, तेही या वाटांची आठवण देणारे.

मग आले मराठ्यांचे घोडदळ. १६६४ आणि १६७० अशी दोनदा शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. दुसऱ्या वेळी परतताना फौज बागलाणातून आली आणि ऑक्टोबर १६७० मध्ये वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी मोठी लढाई झाली. दोनच वर्षांनी, १६७२ मध्ये, आपल्या पिंपळनेरच्या पलीकडे साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. पुढे पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये निजामाला पालखेडला कोंडले, त्याआधीची त्याची घोडदौड गुजरात-खानदेशातून झाली होती. त्या दौडीत त्याची फौज फेब्रुवारी महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या बेटावदला होती.

या लढाया आपण शाळेत सनावळीसकट पाठ केल्या. पण त्या ज्या घोड्याच्या पाठीवर झाल्या, त्याच्याबद्दल परीक्षेत प्रश्न कधी आला नाही. ते दख्खनचे तट्टू. भीमेच्या खोऱ्यातले म्हणून त्याला भीमथडी म्हणतात. उंचीने बेताचे, पण काटक. थोड्या चाऱ्यावर भागवणारे आणि डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटेवर न अडखळणारे. लांबच्या मजला मारायला असेच जनावर लागते. आनंदाची गोष्ट म्हणजे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. साडेतीनशे वर्षे राबल्यावर त्याला सरकारी दाखला मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

घोडा कोणाचा, यावरून तेव्हा शिपायाचा दर्जा ठरत असे. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतले घोडे मिळालेला तो बारगीर. म्हणजे घरी घोडे असणे ही गरज होती, पुंजी होती आणि प्रतिष्ठाही होती. ज्याला आपण हौस म्हणतो, तिचे मूळ या प्रतिष्ठेत आहे.

भाषेत बांधलेली पागा

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. शिलेदारी संपली, पागा मोडल्या. पण घोडा आपल्या बोलण्यातून गेला नाही. मी एकदा सहज वहीत शब्द लिहायला बसलो आणि पान भरले.

'यातली गोम अशी की' असे आपण म्हणतो. गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरची केसांची एक अशुभ मानलेली खूण. बाहेरून देखण्या दिसणाऱ्या घोड्यात ती सापडली की सौदा मोडायचा. तोंडात तोबरा भरतो, तो तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. लेखात उगाच मजकूर घुसडला की आपले मराठीचे सर 'खोगीरभरती' असा शेरा मारायचे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची गादी, आणि तिच्यात वाटेल त्या चिंध्या भरल्या तरी चालतात. तंग म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा. लगाम, नाल, चाबूक, रिकीब हे तर सर्वांना ठाऊक आहेत. घोड्याला घालायच्या धान्याच्या खुराकाला चंदी म्हणतात. घासून अंग साफ करणे म्हणजे खरारा. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, त्याला चाल शिकवणारा चाबुकस्वार आणि नाल ठोकणारा नालबंद.

म्हणी तर विचारू नका. वरातीमागून घोडे, घोडामैदान जवळच आहे, भाड्याचे तट्टू, शिंगरू मेले हेलपाट्याने. या शेवटच्या म्हणीतले शिंगरू म्हणजे घोडीचे पिल्लू. घोडी भाड्याने फिरते, पिल्लू आईमागे उगाच धावते आणि दमून मरते. ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने भाड्याच्या घोडीमागे धावणारे पिल्लू डोळ्यांनी पाहिले असणार. ट्यूशन, क्लास आणि शाळा यांच्यामध्ये धावणाऱ्या आपल्या नातवंडांकडे पाहिले की मला ती आठवते.

टांग्यातून एस.टी.त

फौजेतून सुटलेला घोडा गाडीला जुंपला गेला. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत चालली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. नाशिक आणि नाशिक रोडच्या दरम्यानही १८८९ पासून ट्राम होती, आणि सुरुवातीला तीही घोडेच ओढत. आपल्याकडे १९०० साली चाळीसगाव-धुळे लोहमार्ग सुरू झाला. त्याच सुमारास तापी खोऱ्यातली गाडी नंदुरबारवरून धावू लागली. रेल्वे आली की घोडा संपेल असे वाटावे, झाले उलटेच. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला गावात पोचवायला टांगा लागू लागला. साक्रीला रेल्वे आली नाही, ती अजूनही नाही. पण धुळ्याच्या स्टेशनबाहेरचे टांगे आपल्यातल्या ज्येष्ठांनी नक्की पाहिले आहेत.

टांगा हे वाहन वाटते तितके सोपे नाही. दोनच चाके असल्यामुळे सगळा खेळ तोलाचा. माणसे मागे जास्त बसली की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर खेचतो. पुढे जास्त बसली की गाडी धुरजड होते आणि सगळे ओझे घोड्याच्या पाठीवर येते. म्हणून टांगेवाला निघण्याआधी 'तुम्ही पुढं सरका, मावशी मागं या' असे सांगत बसायचा. लहानपणी मला वाटायचे की हा उगाच रुबाब करतो. तो घोड्याची पाठ सांभाळत होता. विज्ञानाच्या तासाला तरफेचा टेकू आपण फळ्यावर शिकलो. टांगेवाल्याला तो न शिकता येत होता.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत ती गावोगाव पोचली. त्यानंतर रिक्षा आल्या, लूना आल्या, मोटारसायकली आल्या. टांग्याची गरज संपली. गरज संपल्यावर टांगेवाल्यांच्या घरात काय झाले, याची नोंद कुठल्याच पुस्तकात नाही. घोडा विकून रिक्षा घेणारे काही निघाले. काहींची मुले लग्नाच्या वरातीत घोडा देऊ लागली. म्हणजे बापाने ज्या घोड्यावर रोजची भाकरी मिळवली, त्याच जातीच्या जनावरावर मुलगा लोकांच्या हौसेवर भाकरी मिळवू लागला. माझ्या मते आपल्या भागात घोड्याचा नवा इतिहास इथून सुरू होतो.

सारंगखेड्याची जत्रा

या हौसेचे सर्वांत मोठे ठिकाण आपल्या जवळच आहे. दोंडाईच्याकडून शहाद्याला जाताना तापीकाठी सारंगखेडा लागते. आपण शाळेत होतो तेव्हा ते आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सारंगखेडा तिकडे गेले. तिथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्ताची मूर्ती बहुतेक ठिकाणी तीन मुखांची असते. इथे एकच मुख. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. ही परंपरा तीन शतकांहून जुनी असल्याचे गावकरी सांगतात. गेल्या काही वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने तिला नवे रूपही मिळाले आहे. चेतक हे हळदीघाटच्या लढाईतल्या, म्हणजे १५७६ मधल्या, महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव.

महाराष्ट्रात घोड्यांचे बाजार आणखी आहेत. येवल्याचा बाजार आहे, अकलूजचा आहे, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोडी येतात. पण सारंगखेड्याला राजस्थान, गुजरात, पंजाब, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथून व्यापारी येतात. जुन्या सुरत-बुऱ्हाणपूर वाटेचा नकाशा समोर ठेवला तर हा बाजार इथेच का भरला, हे निराळे सांगावे लागत नाही. तापीचे पाणी, नदीकाठचे सपाट रान, सुगी झालेली, खिशात पैसा आणि थंडीचे दिवस. जनावराला प्रवास सोसतो तो याच दिवसांत.

बाजारातून चालताना कान उघडे ठेवावेत. 'दख ना भो, घोडं कसं शे!' अशी अहिराणी एका बाजूने आणि मारवाडी, पंजाबी, हिंदी दुसऱ्या बाजूने. मारवाडी आणि काठियावाडी घोडी ओळखायची खूण कान. कानांची टोके आत वळलेली, जवळजवळ एकमेकांना टेकणारी. रंगांची नावे निराळी: पांढरा तो नुकरा, दोन रंगांच्या पट्ट्यांचा तो अबलख, काळा तो मुश्की, तांबूस तो कुमेद. चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तो पंचकल्याणी, आणि त्याचा भाव जास्त. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असेल तर आणखी जास्त. जाणता गिऱ्हाईक मात्र भोवऱ्याआधी तोंड उघडून दात बघतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या वयात जोडी-जोडीने बदलतात, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यामुळे त्या वयापर्यंत दातावरून वर्ष सांगता येते. पुढे दातांच्या झिजेवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तिथे विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे मत जुळत नाही.

मग चाल. दुडकी, रेवाल, चौखूर. हौशी माणूस रेवाल चालीवर भुलतो, कारण त्या चालीत स्वार हलत नाही. पाण्याचा पेला हातात धरून बसता येते असे जाणकार सांगतात. आणि शेवटी नाच. ढोल वाजला की घोडे पाय आपटू लागते आणि भोवती गर्दी जमते.

आता हे घोडे विकत कोण घेते, ते पाहा. लढायला नको, ओझ्याला नको, नांगराला तर आपल्याकडे घोडा कधीच नव्हता. घेणारे म्हणजे वरातीचा धंदा करणारे, आणि ऊस, कांदा, केळी यांत चार पैसे मिळवलेले शेतकरी. दारात ट्रॅक्टर आहे, गाडी आहे, तरी गोठ्यात एक घोडी असावी असे त्यांना वाटते. संध्याकाळी तिच्यावरून मळ्याला चक्कर मारायची. याला खर्चाचे गणित लागू होत नाही. शिलेदाराच्या नातवाच्या नातवाला अजून घोडे हवे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घोड्यावर कोण बसणार?

या हौसेची एक बाजू मात्र आपण झाकून ठेवतो. घोड्यावरचा माणूस इतरांपेक्षा उंच दिसतो. म्हणून घोड्यावर कोणी बसावे, याचे गावोगाव अलिखित नियम होते. देशाच्या काही भागांत दलित नवरदेवाची वरात घोड्यावरून निघाली म्हणून दगडफेक झाल्याच्या, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागल्याच्या बातम्या अजून येतात. २०१८ मध्ये शेजारच्या गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात, एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला आणि त्यावर तो बसत असे, याचाच राग होता, अशी फिर्याद त्याच्या वडिलांनी दिली. हौसेसाठी घोडा पाळण्याची एवढी किंमत मोजावी लागणारा तरुण आपल्याच काळातला आहे. इतिहास लिहिताना त्याला वगळले, तर फक्त शिलेदारांचे कौतुक उरेल.

दुसरी गोष्ट मुलींची. इतिहासात ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई घोड्यावर दिसतात आणि आपण त्यांच्या जयंत्या साजऱ्या केल्या. पण आपल्या वर्गातली एकही मुलगी घोड्यावर बसलेली मला आठवत नाही. सायकलवर येणाऱ्याही मोजक्याच होत्या. आता मुलीची वरात घोड्यावरून काढणारे आईबाप महाराष्ट्रात दिसू लागले आहेत. कोणी त्याला देखावा म्हणेल. मला तो देखावा आवडतो.

गाढवाची बाजू

घोड्याला एवढा मान, मग गाढवाला काय? गाढवावरून धिंड काढणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा. म्हणजे घोड्यावर बसवले तर सन्मान आणि गाढवावर बसवले तर अपमान. बसणारा माणूस तोच. खरे पाहता गाढवाने घोड्याइतकेच काम केले. कुंभाराची माती, बेलदाराचा दगड, वीटभट्टीची वीट, परटाचे कपडे, नदीतली वाळू हे सगळे त्याच्याच पाठीवरून गेले. आपल्या शाळेच्या भिंतीतली वीट कशावरून आली असेल, याचा विचार करून पाहा.

गाढवावर बसण्याची हौस महाराष्ट्रात एका ठिकाणी मात्र जपली आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला गावच्या एका जावयाला पकडून गाढवावर बसवतात आणि वाजतगाजत मिरवणूक काढतात. कित्येक दशकांची ही प्रथा आहे. आधीपासून जावई लपून बसतात, आणि गावकरी शोधून आणतात. मिरवणूक संपल्यावर त्याला नवे कपडे आणि अंगठी देऊन मान करतात. अपमानाचे वाहन थट्टेत मानाचे करण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते.

गाढवांचे बाजारही आहेत. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि नगर जिल्ह्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत ते भरतात. तिथे येणारा गिऱ्हाईक हौशी नसतो. त्याचे पोट त्यावर चालते. आणि ट्रॅक्टर-ट्रॉली व जेसीबी आल्यावर ती गरजही आटली. आकडे बोलके आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.१९ लाख गाढवे होती. २०१९ मध्ये १.२४ लाख उरली. सात वर्षांत ६१ टक्के घट. घोडी ६.२५ लाखांवरून ३.४२ लाखांवर आली, म्हणजे ४५ टक्के घट. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून होणाऱ्या खेचरांची संख्याही १.९६ लाखांवरून ८४ हजारांवर आली. खेचराला पिल्लू होत नाही, त्यामुळे लागेल तेव्हाच पैदास होते. मागणी गेली की तेही गेले.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. काम तिघांचेही गेले. घोड्यामागे हौस उभी होती म्हणून त्याची घसरण थोडी कमी झाली. गाढवाची हौस कोणाला नव्हती. ते सर्वांत वेगाने संपत आहे.

हौसेचा हिशेब

पण हौस म्हणजे माया नव्हे, हेही तितकेच खरे. मुंबईच्या व्हिक्टोरियांचे उदाहरण घ्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेच्या सफरीसाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले आणि वर्षभरात त्या बंद करण्याचा आदेश दिला. घोड्यांच्या तबेल्यांची अवस्था हे त्यामागचे एक कारण होते. गाडीवानांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न तेव्हा पुढे आला. माथेरानला उलट परिस्थिती आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी त्या डोंगराकडे लक्ष वेधले आणि पुढे तिथे मोटारींना बंदी राहिली. त्यामुळे घोडा तिथे हौसही आहे आणि वाहनही. आता ई-रिक्षा आल्यावर तिथल्या घोडेवाल्यांपुढे तोच प्रश्न आहे, जो आपल्या टांगेवाल्यांपुढे सत्तर वर्षांपूर्वी आला होता. बैलगाडा शर्यतींचा वाद आपण पाहिलाच: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब.

जनावरांकडून काम घेण्याबद्दल केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर ५० किलो, तट्टावर ७० किलो आणि खेचरावर २०० किलोपेक्षा जास्त ओझे नको. दिवसात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त काम नको. काटेरी लगाम नको. आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपू नये. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नाची दाट तिथ असते. भर दुपारी तापलेल्या डांबरावर, डीजेच्या भिंतीसमोर नाचणारा घोडा आपण सर्वांनी पाहिला आहे. मुहूर्त बाराचा असला तरी वरात साडेबारापर्यंत पारावरून हलत नाही, हेही आपणच. तेवढी एक सवय आपल्या पिढीने मोडली, वरात सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर काढली, तर हौसही होईल आणि मुक्या जनावराची तलखीही थांबेल. आता आपल्यातले बरेच जण नातवंडांच्या लग्नाचे यजमान होणार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ज्यांनी घोडी पाळली आहेत, त्यांना आणखी एक विनंती. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्या-गाढवांत येतो आणि माणसालाही लागू शकतो. त्यावर जनावराला इलाज नाही. बाधित जनावर मारावे लागते. जत्रेतून नवे जनावर आणण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून रक्त तपासून घ्यावे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या तपासण्या होतात. हौसेचा पैसा त्यात थोडा गेला तर बिघडत नाही.

शेवटी एक काम सगळ्यांसाठी. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचे गठ्ठे जपले आहेत, म्हणून शिलेदारांच्या पागांचा हिशेब कधी ना कधी कोणी लिहील. टांगेवाल्यांचे, नालबंदांचे, गाढवांवरून वीट वाहणाऱ्यांचे कागद कुठेच नाहीत. त्यांच्यातले अनेकजण आपल्या वर्गमित्रांचे वडील होते. घरात एखादा टांग्याचा फोटो असेल, जुना नाल असेल, वडिलांनी सांगितलेली चंदीची मापे किंवा घोडीचे नाव आठवत असेल, तर ते एका कागदावर लिहून, खाली गावाचे नाव आणि अंदाजे साल टाकून, मेळाव्याच्या दिवशी सोबत आणा. शाळेच्या ग्रंथालयात त्यासाठी एक वही ठेवायची विनंती मी मुख्याध्यापकांना करणार आहे. पहिल्या पानावर मी माझ्या आठवणीतल्या धुळे स्टेशनच्या टांग्यांबद्दल लिहीन. पुढची पाने तुमची.